मेंढरांच्या वाटेचा कागद

दादाभाऊच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायचं काम तुकाबाईचं, आणि तिलाही दर वेळी यश यायचं असं नाही. त्या दिवशी दुपारी तर मुळीच आलं नाही.

"कोकरं घोडीवर घाल आन् हायवेनं फुडं जा," तो म्हणाला. "कोकरं संगं असली की मेंढ्या थांबत्यात, चाटत बसत्यात. आपल्याला दहा मिनिटं हायत. धा!"

"आवं, कोकरं नसली तर त्या पाऊल टाकायच्या न्हाईत."

"तुला लई कळतंय."

"कळतंय म्हणूनच सांगतीया."

पण ऐकेल तो दादाभाऊ कसला! तुकाबाईनं वीस कोकरं जाळीत भरली, जाळ्या घोडीच्या दोन्ही अंगांना बांधल्या, वर बिऱ्हाडाची भांडी लादली आणि तोंडातल्या तोंडात नवऱ्याचा उद्धार करत ती निघाली. तसंही बायकांनी बिऱ्हाड घेऊन पुढं जायचं आणि गड्यांनी मागून मेंढरं आणायची, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीतच होती.

दिवाळी झाली की कळंबजवळच्या त्यांच्या वाडीवरून दोनशे मेंढरं निघायची. मढ गाठायचं, माळशेज उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. वाडीतून निघणारी त्यांची वाट ज्या माळावरून जायची, तो माळ तीन वर्षांपूर्वी कंपनीनं विकत घेतला. मटार आणि मक्याचे दाणे गोठवून पिशव्यांत भरायची कंपनी. चारी बाजूंनी भिंत आली, वाडीकडं एक गेट झालं, मावळतीला दुसरं, आणि वाट बरोबर मधे अडकली. गेल्या वर्षी गेटं बंद होती म्हणून मेंढरं हायवेनं न्यावी लागली. एक ट्रक कळपात घुसला. नऊ मेंढरं गेली आणि दादाभाऊ चार दिवस जेवला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "हायवेनं पुन्यांदा न्यायची न्हाईत. वाट मिळाली तर ठीक, न्हाई तर इकून टाकीन."

मग ह्या वर्षी तुकाबाई स्वतः मॅनेजरला भेटली. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण त्याचा सगळा जीव घड्याळात. तीनला पहिली पाळी सुटते, तीन-दहाला बसगाड्या बाहेर पडतात, तीन-वीसला मालाचे ट्रक आत येतात. मधली दहा मिनिटं अंगण मोकळं. "तेवढ्यात एका गेटातून दुसऱ्या गेटात गेली, तर वाट तुमची," तो म्हणाला. "नाही गेली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

आता कुणी म्हणेल, तुकाबाईचा कंपनीवर राग असणार. छे! कंपनीनं तिच्या घराचं काय वाकडं केलं होतं? थोरला सूरज तिथंच फोर्कलिफ्ट चालवायचा. सून निर्मला पॅकिंगला होती, आणि सासूला न विचारता स्वतःच्या पगारातून साडी आणायची, ह्याचं तुकाबाईला कौतुकच वाटायचं. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून वाडीतली लग्नंसुद्धा आता गुरुवारचीच निघायची, आणि भटजीही मुकाट्यानं गुरुवारचाच मुहूर्त काढायचा. भोंगा झाला की म्हाताऱ्यांना भूक लागायची. शेजारच्या गेणभाऊनं तर मेंढरं विकून वॉचमनचा खाकी डगला चढवला होता. एवढं सगळं बदललं आणि तुकाबाई त्यात मजेत होती. तिला फक्त वाट हवी होती.

हट्टाला धार आली ती मात्र निर्मलामुळं. पोरगी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. महिन्यापूर्वी एका दुपारी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत होती आणि तुकाबाई लोकर निवडत ऐकत होती. स्कॉटलंड म्हणून देश आहे, इंग्लंडच्या डोक्यावर. तिथल्या डोंगरांत लोक पिढ्यान्‌पिढ्या सरदारांच्या जमिनी कसून राहायचे. गिरण्या सुरू झाल्या, लोकरीला भाव आला, तशी मालकांनी माणसं उठवली आणि त्यांच्या जागी मेंढरं आणली.

"मेंढरांनी माणसं घालवली?" तुकाबाईच्या हातातली लोकर तिथंच राहिली. "काय बाय लिवत्यात! मेंढरू कुणाला घालवतंय व्हय गं?"

"मेंढरांनी नाही आत्या, मालकांनी."

"मग तसं लिवा की! मुक्या जितराबावर आळ कशाला? आन् माणसं गेली कुठं?"

"कुणी समुद्राकाठी, कुणी बोटीत बसून परदेशात. बाकीची गिरण्यांत, कोळशाच्या खाणीत. पुढं त्याच देशानं जगाला बोटी आणि इंजिनं बांधून दिली. लई श्रीमंत झाला."

"व्हईना का. पर उठ म्हनल्यावर ती उठली कशी? आमचं हाय म्हनून कुणी बोललं न्हाई?"

निर्मलानं पान मागं उलटून पाहिलं. "बोलले. मारामाऱ्यापण झाल्या. पण बहुतेकांकडं कागद नव्हता, आत्या. पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, एवढंच."

तुकाबाई पुन्हा लोकर निवडायला लागली. पण त्या परक्या मुलखातल्या माणसांचा तिला राग आला आणि कीवही आली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलात, आणि एक कागद करून घेता आला नाही तुम्हाला?

तर अशी ती तुकाबाई घोडी घेऊन हायवेच्या फाट्यापर्यंत आली. कोकरांनी ओरडून ओरडून आकाश डोक्यावर घेतलं होतं. चहावाला म्हणाला, "मावशी, काय ही जत्रा!" तिनं त्या जाळ्यांकडं पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इकडं पोरं अशी रडतायत, तर तिकडं त्यांच्या आया काय करत असतील? रीत गेली खड्ड्यात! तिनं घोडी फिरवली आणि भिंतीच्या कडेकडेनं मावळतीचं गेट गाठलं.

गेट ठरल्याप्रमाणं उघडं होतं. गेणभाऊ आडवा झाला. "वैनी, मेंढरांचं ठरलंय. घोडीचं न्हाई."

"ह्या जाळीत काय हाय मग, मांजरं हायत?"

"माझी नोकरी जाईल, वैनी!"

"बरं बाबा, आत येत न्हाई. उंबऱ्यावर तर हुबी ऱ्हाऊ दे."

तिथून आतलं सगळं दिसत होतं. वाडीकडच्या गेटाशी लोखंडी जाळीचं गटार होतं. पुढच्या मेंढ्या त्याच्या पलीकडंच अडून बसल्या होत्या. मागच्या उलट्या फिरून कोकरांना हाका मारत होत्या. दादाभाऊ शिट्ट्या घालत होता, पुतण्या सयाजी काठी आपटत होता, आणि पाऊण कळप वाडीकडं तोंड करून उभा होता. सुटलेल्या पाळीतली, बसनं न जाणारी वाडीची पोरं दोन्ही बाजूंना उभी राहून हसत होती. त्यांतच निर्मला होती, डोक्यावर कंपनीची टोपी, ओठ घट्ट मिटलेले. सूरज ह्या गेटाजवळ मॅनेजरच्या शेजारी मान खाली घालून उभा होता.

"चार मिनिटं गेली," मॅनेजर म्हणाला.

तुकाबाईनं झटक्यात जाळ्या सोडल्या. कोकरांना उंबऱ्यावर ओळीनं उभं केलं आणि दोन्ही हातांनी एकेकाचा कान हलकेच ओढत गेली. मग काय विचारता! वीस कोकरांनी एका सुरात जो टाहो फोडला, तो भोंग्यालाही लाजवील असा होता.

तिकडं कळपानं मान वळवली. एका म्हाताऱ्या मेंढीनं गटाराकडं पाहिलं, कोकरांकडं पाहिलं आणि सरळ उडी मारली. तिच्यामागं दुसरी, मग दहा, मग पाण्याचा बांध फुटावा तसा सगळा कळप. डांबरावर खुरांचा नुसता ताशा वाजायला लागला. पोरांचं हसू विरलं आणि त्यांनी शिट्ट्या सुरू केल्या. दादाभाऊ कळपाच्या मागं धोतर सावरत धावत होता, आणि हाकायला त्याच्यापुढं काही उरलंच नव्हतं.

शेवटची लंगडी मेंढी बाहेर पडली, तेव्हा मॅनेजरनं घड्याळ पाहिलं. "आठ मिनिटं," तो म्हणाला आणि चक्क हसला. "जिंकलात मावशी. दिला शब्द. दर वर्षी जा, दर वर्षी या."

"शब्द नगं, सायेब. कागद द्या."

"अहो, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर हाय की. पर उद्या तुमची बदली झाली तर फुडचा सायेब मला कुठं वळखतोय?"

निर्मलानं पर्समधून वही काढून पुढं केली. मॅनेजरनं मान हलवत पेन उघडलं. "दादाभाऊ यांच्या मेंढरांना..." असं लिहिता लिहिता तो थांबला. "आणि त्यांच्यानंतर? कुणाचं नाव घालू?" त्यानं सूरजकडं पाहिलं.

दादाभाऊ धापा टाकत येऊन उभा राहिला होता, त्यानंही पोराकडं पाहिलं. सूरजनं बापाची नजर चुकवली आणि हळूच म्हणाला, "खोटं कशाला बोलू, आई? माझ्यानं न्हाई व्हायचं ते. मी हितंच बरा हाय."

तुकाबाईला ठाऊक होतं हे, पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत ऐकणं वेगळं. पोरगं खरं बोललं, ह्याचाच तेवढा आधार वाटला.

"नाव खोडा, सायेब," ती म्हणाली.

"आगं!" दादाभाऊ ओरडला.

"खोडा म्हनते ना. लिवा, ज्या कुणाची मेंढरं असतील त्येची ही वाट. वरसातनं दोन येळा. कंपनी हाय तवर आन् मेंढरं हायत तवर."

मॅनेजरनं तसं लिहून खाली सही केली. दादाभाऊला राहवेना. "येडी का काय तू? एवढं केलं ते आपण, आन् वाट सगळ्यांची?"

"मग? वाट काय आपल्या बापाची हाय?" तुकाबाई म्हणाली आणि पेन घेऊन सूरजच्या हातात ठेवलं. "हं, साक्षीदार म्हनून तू सही कर. मोठ्या अक्षरात कर."