शेवटच्या कडव्यातलं नाव

धोंडबाचं गाणं चोरीला गेलं. आता गाणं काय कोंबडी आहे का, की कोणी काखेत मारून न्यावी? पण रुपराव भर गिरणीत, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून तेच गात होता:

लुगडं उकळलं मायनं सोड्याच्या पाण्यात,
काठ राहिला तांबडा, माय उभी बायांत.

धोंडबाच्या मागावरचं सूत तुटलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. हे गाणं त्याचं होतं. त्याच्या मायचं, भागीरथाबाईचं. छप्पन साली धम्मदीक्षेला पांढरं नेसून जायचं होतं आणि तिच्यापाशी होतं एकच लुगडं, तेही रंगीत. तिनं ते सोड्यात उकळून उकळून पांढुरकं केलं आणि नेसून निघाली. त्यावर धोंडबा कित्येक वर्षं गाणं बांधत होता, आणि ते काही केल्या पुरं होत नव्हतं. तो पाटीवर लिहायचा, मोठ्यानं म्हणून पाहायचा, तोंड वाकडं करायचा आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा. 'बायांत' तर त्यानं केव्हाच पुसलं होतं. एवढ्या मोठ्या दिवसाच्या गाण्यात 'बायांत' शोभतं का? मग 'लाखांत' केलं. मग तेही पुसलं.

वस्तीतल्या गाणाऱ्यांची रीत अशी, की रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. ज्याचं नाव त्याचं गाणं. मग कोणी मायचा लाल आला तरी ते हलत नाही. धोंडबानं शेवटचं कडवं बांधलंच नव्हतं. गाण्यात खोट उरली तोवर नाव घालायचं नाही, हा त्याचा हट्ट. म्हणजे गाणं सध्या बेवारशी! कोणीही उठावं आणि आपलं नाव घालून मोकळं व्हावं.

"कुठं आयकलं गा हे?" त्यानं रुपरावला विचारलं.

"हुडकेश्वरले. बाया म्हणून राहिल्या होत्या. पेटीवर तुहाच बळीराम होता ना."

बळीराम! पाटीवरची एकेक ओळ धोंडबानं ज्याला पहिल्यांदा ऐकवली, तो जिगरी दोस्त! आता धोंडबाला भलभलतं आठवायला लागलं. दर रविवारी बळीराम त्याची सायकल मागून नेतो. का, तर "काम हाय गा." कसलं काम? आणि त्याच दिवशी धोंडबाची बायको प्रेमिला सासूला भेटायला जाते. कुठं? तर हुडकेश्वरलाच. माय तिथं थोरल्या मुलाकडं राहायची. हे मनात आलं आणि धोंडबाचे कान तापले. छे, असं मनात आणू नये. पण आलं ते आलं. पोटातला जंत मरतो, डोक्यातला नाही.

घरी त्यानं खडा टाकून पाहिला. "माय काय म्हणते वं?"

"काय म्हणन?" पोळी लाटता लाटता प्रेमिला म्हणाली. "धोंडबा काहून येत नाही, म्हणते."

"गाणं घेऊनच येईन, मंगच तोंड दाखवीन. सांगितलं ना एकडाव!"

प्रेमिलानं लाटणं थांबवलं, त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा लाटायला लागली. काहून पाहिलं असं? धोंडबाला त्या दिवशी पोळी गोड लागली नाही.

रविवारी 'आज डबल पाळी हाय' अशी थाप मारून तो निघाला आणि रुपरावची सायकल घेऊन थेट हुडकेश्वर गाठलं. भावाच्या अंगणाबाहेर कडब्याची गंजी होती, तिच्याआड उभा राहिला. स्वतःच्या मायच्या घरी चोरासारखा! अंगणात बाया बसलेल्या, मधोमध माय, एका बाजूला पेटी घेऊन बळीराम. आणि गाणं सांगत होती कोण? प्रेमिला!

धोंडबाच्या अंगाची लाही झाली. एकेक कडवं येत होतं. त्यानं पुसलेली, टाकून दिलेली, लंगडी म्हणून हिणवलेली सगळी कडवी. 'बायांत' आलं तसं दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. रडाले काय झालं? चुकीचा शब्द हाय थो! पण त्याचा सगळा जीव शेवटच्या कडव्यात अडकला होता. आता नाव येईल. बळीरामाचं येईल. आलं की मानगूट धरायची.

बळीरामानं शेवटच्या कडव्याची चाल नुसती पेटीवर वाजवली. कोणीच गायलं नाही. बाया फक्त टाळ्या देत राहिल्या आणि गाणं संपलं.

धोंडबा गंजीआडून बाहेर आला. "काहून गा? माह्यासमोर नाव घालाले लाज वाटली?"

"तू हायस हेच कोणाले माहीत होतं?" बळीराम उखडला. "गाणं तुह्यं. तुह्याच नावाची जागा सोडली हाय."

"त्यायले काही बोलू नका," प्रेमिला उठली. "मी शिकवलं बायायले. तुमी पुसत होते, पण मोठ्यानं म्हणून पुसत होते. मले पाठ झालं. मायचे कान जाऊन राहिले. दर खेपेले कमी आयकू येते. तुमचं गाणं कधी होईन, कान गेल्यावर?"

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं हेबी पुसलं असतं तुमी."

माय सगळ्यांच्या तोंडाकडं पाहून हसत होती. धोंडबा दिसताच तिनं हात पुढं केला. "आला का रे बापा? झालं का तुह्यं गाणं?"

आत्ताच तर गाणं झालं होतं, आणि माय टाळ्याही देत होती. प्रेमिलानं मान खाली घातली. मागच्या खेपेपर्यंत तिला निदान पेटी तरी ऐकू जायची.

धोंडबा खाली बसला. मायच्या कानाला तोंड लावून त्यानं गाणं सुरू केलं, 'बायांत'सकट. शेवटचं कडवं आलं, आणि ते तर नव्हतंच. मग जे सुचलं ते म्हणून टाकलं:

धोंडबा सांगे गाणं हे मायच्या कानात,
काठ राहिला तांबडा, माय उभी बायांत.

ओळ बसली नव्हती. म्हणता म्हणताच त्याला ते कळलं होतं.

"काही समजलं नाही रे," माय म्हणाली. "पण मधात धोंडबा म्हटलं ना तू? थेवढं आयकू आलं."

धोंडबानं डोळे पुसले आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. यावेळी त्यानं प्रत्येक कडव्यात आपलं नाव घातलं, बसो न बसो.