भिंती माझ्या वाट्याच्या

सासूबाई जाऊन महिना झाला नव्हता, तोच थोरल्या जाऊबाई वाटणीला बसल्या. "भिंतीवरचं सगळं माझं, भिंती तुझ्या," म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. सासूबाईंच्या खोलीतलं पहाटेचं चित्र त्यांनी नेलं. खिळासुद्धा उपटून नेला! आमचे हे स्टूल धरून उभे होते.

चित्र एकोणिसाव्या शतकातलं, सासऱ्यांच्या आजोबांनी घेतलेलं. एरवी बघाल तर नुसता काळपट चिखल. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून रोज सकाळी त्यांचं अंग पुसताना मी ते बघत आले. पलंगाशेजारच्या छोट्या खिडकीतून ऊन तिरपं आलं, की रंगाचे जाड थर उजळायचे. आधी नदीच्या कडेला नखाएवढी पिवळी रेघ दिसायची. मग धुकं वर सरकायचं आणि होडीत पाठमोरी बसून केस बांधणारी बाई दिसायची. "उठली गं ती," सासूबाई म्हणायच्या. तेवढा वेळ त्यांना दुखण्याचा विसर पडायचा, आणि मलाही. जाऊबाई यायच्या त्या दुपारी, आणि नाकाला रुमाल लावून दारातूनच चौकशी करून जायच्या.

वर्षभराने त्यांचा फोन आला. आवाजात नुसती साखर.

"अगं, चित्र घ्यायला एक गृहस्थ तयार आहेत. पण आमच्याकडे ते काळंच दिसतं. आई म्हणायच्या ती बाई कुठे दिसतच नाही. रविवारी सकाळी तुझ्याकडे लावून दाखवू का त्यांना?"

"या ना," मी म्हटलं. "चहा टाकते."

फोन ठेवला आणि गवंड्याला बोलावलं.

रविवारी उजाडतानाच त्या आल्या. सोबत ते गृहस्थ, काखेत चित्र, पर्समध्ये तोच खिळा. खोलीत शिरल्या आणि जागच्या जागी थिजल्या. ओल्या सिमेंटचा वास येत होता आणि ट्यूबलाइट चालू होती.

"खिडकी कुठे गेली?"

"बुजवली. भिंती माझ्या ना? मग त्यात भोक ठेवायचं की नाही, ते मीच ठरवणार."

गृहस्थांनी चित्र जवळून बघितलं, लांबून बघितलं. "ह्यात पहाट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

जाऊबाई माझ्याकडे बघू लागल्या. मला बोट ठेवून दाखवता आलं असतं. रेघ, धुकं, होडी, केस बांधणारे तिचे हात. मी कपातली साखर ढवळत राहिले.

"मला काय ठाऊक? चित्र त्यांचं आहे."

गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले. जाऊबाईंचा चेहरा असा पडला, की माझं काळीज थंड झालं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी जाग आली. सासूबाईंच्या पलंगावर जाऊन बसले. समोर नुसता अंधार. चित्र कधी परत आलं, तरी ती बाई आता मलाही दिसणार नाही, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं आणि मी हमसून रडले.

उजाडलं की नाही, हे कळायला त्या खोलीत आता घड्याळ बघावं लागतं. लागू दे.