सत्तेचाळीस नंबरची कप्पी

मी कप्पी बोलतेय. विहिरीवरची करकरणारी नव्हे हो, मी शिडाच्या लढाऊ जहाजावरची. माझं घर एल्मच्या लाकडाचं आणि पोटातलं चाक इतक्या जड लाकडाचं, की पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळ गाठील. अंगावर तापल्या लोखंडाने डागलेला सत्तेचाळीसचा आकडा आहे. वय विचाराल तर दीडशेला टेकलेय, त्यामुळे बोलता बोलता माझा डोळा लागतो. तेवढं सांभाळून घ्या.

आमचं ‘मेरिडिअन’ पहिल्या सफरीला निघालं, तेव्हाची ती तयारी मला अजून स्वप्नात दिसते. महिनाभर धक्क्यावर पिंपं, दोरखंड, शिडांच्या गुंडाळ्या आणि डांबराचा वास. कप्प्याच आठशेच्या वर होत्या! पण गोंधळ म्हणून नाही. प्रत्येक वस्तूला कोणीतरी धनी असे. तोफा-दारूगोळा गनरच्या ताब्यात, फळ्या-खिळे सुताराच्या, बिस्किटं-कपडे पर्सरच्या. आम्ही कप्प्या, दोर आणि शिडं बोसनच्या हाताखाली. बोसन म्हणजे दोर-शिडांचा कारभारी. त्याच्या शिट्टीवर दोनशे माणसं नाचत.

मला मधल्या डोलकाठीवर उंच बांधलं. तिथे काय सुख होतं म्हणून सांगू! खाली निळं पाणी, वर निळं आभाळ, आणि मधे मी एकटीच गिरक्या घेतेय. माझ्यातून दोर सळसळत गेला, की शिडाचा आडवा वासा हळूहळू वर चढे, शीड फुगे आणि सारं जहाज एका कुशीवर कलून झोपेतल्यासारखं पुढे सरके. एकटीच म्हणाले खरी, पण शेजारी माझी बहीण होती, सेहेचाळीस नंबरची.

जहाजावर एक नियम होता. कुठलीही वस्तू निकामी ठरवायची, तर तीन अधिकाऱ्यांनी ती पाहून सह्या करायच्या. बोसनला ते नको असे. फार वस्तू निकामी निघाल्या, तर हाच हलगर्जी असं कप्तान म्हणेल ना! सेहेचाळीसला भेग गेली, ती बोसनने पाहिली. मी पाहिलं की त्याने पाहिली. त्याने अंगठ्याने भेगेवर डांबर फासलं आणि कागदावर ‘ठीक’ लिहिलं. नवव्या दिवशी ती फुटली. वासा खाली आला. खाली डॅनियल नावाचा खलाशी गाणं गुणगुणत उभा होता. तो पुन्हा उठला नाही.

त्यानंतर वाफेची जहाजं आली आणि आमचा जमाना संपला. डोलकाठ्या उतरवल्या, मला गोणपाटात भरून तळातल्या कोठारात टाकलं. मग मी झोपले. किती वर्षं, देव जाणे.

जाग आली ती एका माणसाच्या बोटांनी. साल होतं १९८६. मेरीलँडच्या एका छोट्या बंदरात मेरिडिअनचं म्यूझियम झालं होतं आणि हौशी मंडळी दर शनिवारी येऊन जहाजाला पुन्हा शिडं चढवत होती. त्यातला हा विष्णू. मूळचा वेंगुर्ल्याचा. आठवडाभर पोलादाच्या कारखान्यात तपासनीस. लोखंडी तुकड्यांना लाल रंग लावून पुसायचा. भेग असेल तिथे रंग आत शिरून रेघ उरते. त्याचे वडील शिडाच्या मचव्यावरचे तांडेल, खलाशांचे म्होरके होते. आडव्या वाशाला विष्णू ‘परबाण’ म्हणे, हा वडिलांचाच शब्द. दोराचं वेटोळं घालताना देवाला प्रदक्षिणा घालावी तसा उजवीकडून फिरवी, आणि गंमत म्हणजे जहाजावरची रीतही तीच.

“माझ्या वडिलांचा मचवा मी इकडे आल्यावर मोडीत गेला,” त्याने एकदा फ्रँकला सांगितलं. “एक फळीसुद्धा वाचवता आली नाही मला.”

फ्रँक म्हणजे आता जहाजाची व्यवस्था बघणारा म्हातारा. त्याला सगळ्या कप्प्या नव्या हव्या होत्या. विष्णू हटून बसला, एक तरी मूळची वर जाऊ दे. शेवटी फ्रँक म्हणाला, “तू सही कर. जबाबदारी तुझी.” विष्णूने मला तेल लावलं, ठोकून पाहिलं, कुरवाळलं आणि ‘योग्य’ लिहून सही केली. लाल रंगाची आठवणही त्याला झाली नाही. माया असली की डोळे झाकतातच.

रविवारी परबाण चढवायचा होता. त्याआधीच्या शनिवारी तो मला घरी घेऊन गेला.

“अहो, ही कशाला आणलीत? म्यूझियमची ना?” लताने, म्हणजे त्याच्या बायकोने विचारलं.

“फ्रँकला विचारून आणलीय. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, मग ही काय कमी आहे?”

खंडेनवमी खरी कुठल्या वारी होती कोण जाणे, पण अमेरिकेत देवही वीकेंडची वाट बघतात. जेवणाच्या टेबलावर स्क्रूड्रायव्हर, शिवणयंत्र, लेक उत्तराचा कॅल्क्युलेटर आणि मी, अशी रांग लागली. लताने ओलं कुंकू बोटभर घेऊन माझ्या कपाळी लावलं. जन्मात पहिल्यांदा कोणी माझी पूजा केली. मी लाजले की हो!

ओघळ आला म्हणून उत्तराने पेपर टॉवेलने मला पुसलं आणि ती थबकली.

“बाबा, लुक. इट्स ब्लीडिंग.”

कुंकू पुसलं गेलं होतं. फक्त एक केसासारखी लाल रेघ उरली होती, चाकाच्या आसापासून थेट काठापर्यंत. विष्णूने चष्मा चढवला. असल्या रेघा तो रोज आठ तास बघतो.

“पूस ती,” तो म्हणाला.

“आय डिड. जात नाहीये.”

“उद्या त्या वाशाखाली कोण कोण उभं राहणारे?” लताने हळूच विचारलं.

“मी,” उत्तरा म्हणाली. “अँड ट्वेल्व्ह अदर्स.”

खरं सांगू? मला बोलता येत असतं, तर पहिल्यांदा मीही ‘पूस’ म्हणाले असते. शंभर वर्षं मी त्या वाऱ्याचं स्वप्न पाहत होते. पण मग मला डॅनियलचं गुणगुणणं आठवलं.

विष्णूने फोन उचलला. “फ्रँक, मी सही मागे घेतोय. चूक माझी. मी नीट तपासलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, फ्रँक टोमणा मारणार. पण जुन्या नियमाप्रमाणे त्याने एक कागद पुढे केला, तीन सह्यांचा. पहिली विष्णूने केली. दुसरी फ्रँकने. तिसरी कोणाची? फ्रँकने पेन उत्तराकडे दिलं, “भेग तू शोधलीस.”

त्या दुपारी नव्या कप्पीतून परबाण वर चढला. मी धक्क्यावर लताच्या हातात होते. तेरा जणांत उत्तरा ओरडत दोर ओढत होती. शीड फुगलं, आणि वारा खाली माझ्यापर्यंतही आला. विष्णू डोळे पुसत होता. वाऱ्याने पाणी येतं, असं लताला सांगत होता.

आता मी कोठाराच्या दाराशी खिळ्यावर असते. नव्या माणसाला फ्रँक मला आधी हातात देतो आणि रेघ दाखवतो. मग मी पुन्हा डुलकी घेते. स्वप्नात सेहेचाळीस येते. तिला मी सांगते, “बाई, या वेळी खरं लिहिलं गेलं.”

मला धूळ बसली तर जरूर पुसा. कुंकवाची रेघ तेवढी राहू द्या.