तीन मेणबत्त्या आणि शेवटचा बाक

विज्ञानाच्या बाईंना अख्खी शाळा हवाबाई म्हणायची. तोंडावर नाही हं, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वर्ग कुठलाही असो, पहिल्या दिवशी बाई एक रिकामा ग्लास घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "यात काय आहे?" पोरं एका सुरात ओरडायची, "काही नाही!" झालं, बाईंची गाडी सुटली. ग्लास उलटा करून बादलीत दाबायचा, आत पाणी शिरत नाही हे दाखवायचं आणि म्हणायचं, "काही नाही काय? अरे, कुणीतरी पाय पसरून बसलंय आत! त्याला आधी उठवा, मग पाणी शिरेल."

हे सगळं चालायचं प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे काही फार मोठा थाट नव्हता. जिन्याजवळची एक लांबट खोली, दगडी कट्टा, कितीही आवळला तरी ठिबकणारा नळ आणि दोन कपाटं. एका कपाटात काचेची भांडी. दुसऱ्यात दगड. कोळसा, चुनखडी, लोखंडाचं खनिज, अभ्रक, प्रत्येकाखाली बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी. पृथ्वीच्या पोटात काय काय आहे हे पोरांनी हातात घेऊन बघावं, जड की हलकं ते तोलून बघावं, असा बाईंचा हट्ट. त्या खोलीवर बाईंचा जीव होता.

आणि नेमकी तीच खोली संस्थेच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत भरली.

अध्यक्ष म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण वखारीत राहून सवय लागलेली, जागा दिसली की तिथे काय रचता येईल तेच आधी दिसायचं. शाळेचं ऑफिस अपुरं पडत होतं. "हे सगळं पुस्तकात छापलेलं असतं ना?" ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "मग त्याला वेगळी खोली कशाला अडवायची? ऑफिस टाका इथे." बाई हे ऐकून अशा काही उसळल्या की अध्यक्षांनाच माघार घ्यावी लागली. अर्धी माघार. "ठीक आहे, एक तास बसून बघतो. खोलीचा उपयोग दिसला तर खोली तुमची. नाहीतर सोमवारी टेबलं लागतील."

मुख्याध्यापक मधल्या मध्ये अडकले. ते बिचारे कुणाच्याच अध्यात ना मध्यात. "बाई, तो मेणबत्तीचा प्रयोग करा," ते म्हणाले. "तो कधी फसत नाही. उगाच नवीन काही काढू नका."

मेणबत्तीचा प्रयोग तुम्हीही केला असेल. पसरट ताटलीत पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती पेटवायची, वरून ग्लास पालथा घालायचा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. पुस्तक म्हणतं, हवेचा साधारण पाचवा भाग ऑक्सिजन, तो जळण्यात संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. बाईंनी ग्लासावर कागदाची पट्टी चिकटवून पाच सारखे भाग आखले होते. पाणी पहिल्या खुणेपाशी येऊन थांबायचं, पोरं टाळ्या वाजवायची. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं काम.

आता बाईंची लेक. ती याच वर्गात होती, आणि बाईंच्या डोक्याला तोच एक ताप. आजीने तिचं नाव ठेवलं होतं भुंगा, कारण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती समोरच्याला पोखरूनच काढायची. शाळेत लोकांनी "बाईंची म्हणून लाडाची" असं म्हणू नये, म्हणून बाईंनी दोन नियम केले होते. एक, शाळेच्या फाटकाच्या आत आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. दुसरा, बसायचं शेवटच्या बाकावर. भुंगा चणीने लहान. पुढच्या सगळ्यांच्या मानांमधून तिला कट्ट्यावरचं काय कप्पाळ दिसणार? पण बाईंपुढे कुणाचं चालतंय!

तासाच्या दिवशी सकाळी घरात वेगळाच गोंधळ. आजी स्वयंपाकघरातून कडाडली, "माझ्या बाटलीचं पोट कुणी खपाटीला नेलं?" प्लॅस्टिकची चांगली गुटगुटीत बाटली, आदल्या दिवशी आजीने स्वतःच कढत पाण्याने विसळून, घट्ट झाकण लावून ठेवलेली. आता ती दोन्ही बाजूंनी आत गेली होती.

"कुणी दाबली नाही गं आजी," भुंगा म्हणाली. तिने झाकण फिरवलं. फस्स झालं, आणि बाटली टुणकन पूर्ववत. भुंगा बघतच राहिली. पुन्हा झाकण लावलं, पुन्हा काढलं. आता काही होईना.

"अगं, तिच्याशी खेळतेस काय, उशीर होतोय!" बाई साडीला पिन लावता लावता ओरडल्या. त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

"आई, आज तरी पुढे बसू का? आज मला नीट बघायचंय."

"नाही. आणि आजचा दिवस जरा तोंडाला कुलूप. अध्यक्ष येणार आहेत."

"सूनबाई," आजी बाटली पुसत म्हणाली, "पोरीला परक्यासारखं वागवतेस हो. परक्याला तरी माणूस पुढे बसवतं."

बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काळजात मात्र टोचलं.

वर्गात प्रयोगाची मांडणी मुलांनीच करायची, बाकाबाकाने पाळी लावून, अशी बाईंची पद्धत. त्या दिवशी पाळी आली शेवटच्या बाकाची. बाईंनी क्षणभर पाळी बदलायचा विचार केला, मग स्वतःलाच दटावलं. नियम म्हणजे नियम. बाई अध्यक्षांना आणायला फाटकापर्यंत गेल्या आणि इकडे भुंग्याने ताटली मांडली, रंगीत पाणी ओतलं, मेणाचे थेंब पाडून मेणबत्ती उभी केली आणि मागे आपल्या बाकावर जाऊन बघितलं. काही म्हणजे काही दिसेना. मग तिने आणखी दोन मेणबत्त्या उभ्या केल्या. तीन ज्योती असल्या की मागूनही दिसेल, साधा हिशेब.

अध्यक्ष येऊन खुर्चीत बसले. मुख्याध्यापक बाजूला उभे राहिले. बाई बोलत बोलत कट्ट्यापाशी आल्या आणि तीन मेणबत्त्या बघून चपापल्या. पण आता काढत बसणार कुठे? एक काय नि तीन काय, ऑक्सिजन तेवढाच, असं म्हणून त्यांनी तिन्ही पेटवल्या. "बघा हं, पाणी बरोबर पहिल्या खुणेपर्यंत येईल," असं ठणकावून सांगितलं आणि ग्लास पालथा घातला.

ज्योती फडफडल्या, विझल्या. पाणी सरसर चढलं. पहिली खूण मागे पडली. दुसरी आली, तीही मागे पडली. दुसरीच्या चांगलं वर जाऊन पाणी थांबलं.

मुख्याध्यापकांचा चेहरा असा काही पडला की विचारू नका. अध्यक्षांना विज्ञान येत नसलं तरी खुणा मोजता येत होत्या. "बाई, तुम्ही तर पहिली म्हणाला होतात," ते म्हणाले. "हे असंच चालतं का इथे?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हवेत दोन पंचमांश ऑक्सिजन कुठून येणार? काहीतरी चुकलं, मांडणी बिघडली, पुन्हा एका मेणबत्तीने करून दाखवते, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आणि शेवटच्या बाकावर एक हात वर झाला. कुणाचा, ते बघायचीही गरज नव्हती.

मुख्याध्यापकांनी डोळे वटारून बाईंना खूण केली, गप्प बसवा तिला. बाईंनाही तेच वाटलं होतं, कशाला खोटं बोला. खोली जायची वेळ आली होती. पण वर केलेला हात खाली करायला लावायचा, आणि तोही याच खोलीत? मग खोली वाचवायची तरी कशासाठी?

"बोल," बाई म्हणाल्या.

भुंगा उभी राहिली. बोलायला लागली ती थांबेचना. "बाई, ऑक्सिजन संपून पाणी चढत असेल तर मेणबत्ती जळत असतानाच हळूहळू चढायला हवं ना? पण जळताना ते चढलंच नाही. विझल्यावर एकदम चढलं. आणि तुम्ही ग्लास ठेवलात तेव्हा कडेने बुडबुडे आले. मी टाचा उंच करून बघितले. बुडबुडे म्हणजे हवा बाहेर पळाली. गरम होऊन फुगली, मावेना, म्हणून पळाली. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त गरम, म्हणून जास्त पळाली. मग ज्योत विझली, उरलेली हवा गार झाली, आकसली, आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. आमच्या आजीच्या बाटलीसारखं!"

"कुठली बाटली?" अध्यक्ष पुढे सरसावून म्हणाले.

भुंग्याने आजीची बाटली सांगितली, पोट खपाटीला जाण्यासकट. पोरं हसली. अध्यक्ष हसले नाहीत. "पुस्तक एक म्हणतं, तू एक म्हणतेस. मी कुणाचं खरं मानू?"

"कुणाचंच नका मानू," भुंगा पटकन म्हणाली. "मेणबत्ती न लावता करून बघा ना. काही जळलंच नाही, तर ऑक्सिजन कसा संपेल?"

अध्यक्षांच्या चहासाठी शिपाईमामांनी किटलीत पाणी उकळत ठेवलंच होतं. ते आलं. ताटलीतल्या मेणबत्त्या काढल्या. जाड काचेच्या दुसऱ्या ग्लासात गरम पाणी भरलं, आणि आता तो उचलायचा कुणी, असा प्रश्न आल्यावर अध्यक्षच उठले. रुमाल गुंडाळून त्यांनी ग्लास धरला, पाणी ओतून टाकलं आणि रिकामा ग्लास झटकन ताटलीत पालथा घातला. सगळी पोरं बाक सोडून कट्ट्याभोवती. कुणी कुणाला आवरेना.

आधी काहीच नाही. मग रंगीत पाण्याची एक रेघ काचेच्या आत वर सरकली. आणखी सरकली. ना ज्योत, ना धूर, आणि पाणी आपलं मुकाट चढतंय.

"अरे! चढतंय की!" अध्यक्ष ओरडले, वखारीत ओरडतात तसेच. "आत फक्त हवा होती ना? बघितलंत का सर, नुसती हवा होती!"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. कट्ट्याच्या कडेवर हनुवटी टेकून ती पाण्याकडे बघत होती, जगाचं भान नव्हतं तिला. बाईंचा ऊर इतका भरून आला की त्यांना कपाट उघडून उगाचच दगड सारखे करावे लागले. इतकी वर्षं शेकडो पोरांना त्या "बघा, बघा" म्हणत आल्या होत्या. आणि बघितलं कुणी, तर जिला दिसू नये अशा जागी त्यांनी स्वतः बसवलं होतं, तिने.

"कुणाची पोर ही?" अध्यक्षांनी विचारलं.

मुख्याध्यापक घाईघाईने खाकरले आणि अध्यक्षांच्या पाठीमागून बाईंना मानेने नको नको म्हणू लागले. त्यांचंही बरोबरच होतं. आता खरं सांगितलं, तर सगळा तास घरून ठरवून आणलेलं नाटक वाटायचा, आणि हाताशी आलेली खोली जायची. एरवी बाईंनीही विषय बदलला असता. पण आज त्यांना ते जमेना. जमलं असतं तरी त्यांनी केलं नसतं.

"माझी," बाई म्हणाल्या. मान ताठ करून, शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "माझी मुलगी आहे."

अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. "असं होय! म्हणजे घरून पढवून आणलीत."

"घरी मी पढवलं असतं ना साहेब," बाई म्हणाल्या, "तर हिने एकच मेणबत्ती लावली असती."

अध्यक्षांनी ताटलीकडे पाहिलं, काढून ठेवलेल्या तीन मेणबत्त्यांकडे पाहिलं, आणि मग ते असे खदखदून हसले की किटली धरून उभे असलेले शिपाईमामाही दचकले. "सर," ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "ऑफिसला दुसरी जागा बघा. आणि तो नळ आधी दुरुस्त करा, किती वेळ ठिबकतोय मघापासून."

दारापर्यंत जाऊन ते पुन्हा वळले. "पण बाई, एक कळलं नाही. एवढी चलाख पोर, आणि तिला शेवटच्या बाकावर का हो बसवलंत?"

बाई घाईने कपाट बंद करू लागल्या. भुंगा मात्र कट्ट्यावरून हनुवटी उचलून, साऱ्या वर्गादेखत, फाटकाच्या आत एकदाही न उच्चारलेला शब्द खणखणीत उच्चारून मोकळी झाली.

"ती माझी आई आहे ना, म्हणून!"