‘मंडळीसाठी’ कोरलेला बाक

मी एक जुना बाक आहे. लाकडी, लांबलचक, आणि डाव्या टोकाला कुणी धपकन बसलं की कुरकुरणारा. मित्रांनो, त्या कुरकुरीला हसू नका. तुमच्या पाठीवर इतकी माणसं इतकी वर्षं बसली असती, तर तुम्ही नुसते कुरकुरला नसतात, चांगला आरडाओरडा केला असता.

एका छोट्या चर्चच्या दारापाशी, व्हरांड्यात माझी जागा आहे. आत जेवढे बाक मावले तेवढे मावले आणि मी उरलो, म्हणून बाहेर. समोर रस्ता आणि बसचा थांबा. माझ्या एका कानात उपासनेची गीतं आणि दुसऱ्या कानात हॉर्न. सवय झाली की दोन्ही ऐकू येतं.

मला घडवलं याच चर्चमधल्या एका सुतारानं. आतल्या बाकांसाठी त्यानं एकसारख्या फळ्या निवडून आणल्या होत्या. माझ्या वाट्याला आल्या उरलेल्या, कुठे गाठ, कुठे चीर. तो मला थोपटून म्हणायचा, “तू उरलासुरला आहेस बरं का. पण म्हणून तुझ्यावर रंधा कमी फिरवीन असं समजू नकोस.” आणि खरंच, आतल्या सगळ्यांपेक्षा मी गुळगुळीत झालो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, थोडंसं फुशारकीनंच सांगतोय.

सुताराच्या बायकोचा गुडघा दुखायचा. सगळे तिला काकू म्हणायचे. तिला उठताना धरायला बरं म्हणून त्यानं माझ्या उजव्या टोकाला एक हात बसवला, खुर्चीला असतो तसा. मग पटाशी घेतली आणि माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द कोरला : ‘मंडळीसाठी’.

आता हा शब्द म्हणजे एक गंमतच आहे. चर्चमध्ये मंडळी म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून एकत्र जमणारे लोक. बाहेर मंडळी म्हणजे कुणीही, ‘काय मंडळी, कुठं निघालात?’ असं विचारतात ना, ती. आणि काही नवऱ्यांच्या तोंडी मंडळी म्हणजे स्वतःची बायको. आमचा सुतार त्यातलाच. “आज आमची मंडळी रुसलीय,” असं तो साऱ्या व्हरांड्याला सांगायचा आणि काकू आणखीच रुसायची.

काकूनं अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, “कुठल्या मंडळीसाठी हो? चर्चच्या, रस्त्यावरच्या की घरच्या?”

त्यानं कोरीव अक्षरांतला भुसा फुंकला. “बसेल ती मंडळी. हात मात्र घरच्या मंडळीसाठी.”

“अहो, देवाच्या दारात तरी जरा नीट बोला!” काकू म्हणाली. पण बसली ती हाताजवळच.

ते दिवस फार सुखाचे होते. दर रविवारी उपासनेनंतर पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, मुलांना माझ्यापाशी जमवायचे आणि आपण काय मानतो ते सोपं करून सांगायचे. देवानं प्रत्येक माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलंय, म्हणून ज्याच्याकडे बघून आपण तोंड फिरवतो त्याच्यातही देवाची छाप असते. आपण सगळे चुकलेले आहोत आणि ती चूक भरून काढणं आपल्या आवाक्यातलं नाही. म्हणून येशू ख्रिस्त आपल्यासाठी वधस्तंभावर मेला आणि मेलेल्यांतून उठला. क्षमा ही कमाई नाही, देणगी आहे. ती मिळाली की मुठीत दाबून बसायचं नाही, पुढं द्यायची.

एका मुलीनं विचारलं, “पण एखादा खूपच वाईट वागला तर? त्यालाही?”

पाळक डोकं खाजवायला लागले. सुतार दाराची बिजागरी नीट करत होता. तो तिथूनच म्हणाला, “अवघड आहे ना पोरी? म्हणून तर मंडळी लागते. एकट्याला झेपलं असतं तर मी रविवारचा घरी झोपलो नसतो का?”

सगळे हसले. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की हे झेपवायची पाळी त्याच्याच घरावर येणार आहे!

एके दिवशी तो खांद्यावर फळी घेऊन समोरचा रस्ता ओलांडत होता. एका मालवाहू गाडीचा ड्रायव्हर मोबाईलमध्ये बघत होता. मला पुढचं सांगवत नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालं एवढंच सांगतो. ज्या हातांनी मला उभं केलं, ते हात रस्त्यावर पडले होते, आणि मला जागचं हलता येत नव्हतं.

ड्रायव्हरला शिक्षा झाली. काकू एकटी झाली. आत तिची जागा होती, पण ती माझ्या हाताला धरून बाहेरच बसायला लागली. दार उघडं असायचं, आतलं सगळं ऐकू यायचं. काकू गीतं म्हणायची, उपदेश ऐकायची. फक्त प्रभूची प्रार्थना सुरू झाली, की ज्या ओळीत आम्ही क्षमा करतो असं म्हणायचं, तिथे तिचे ओठ मिटायचे. ती ओळ गेली की पुन्हा उघडायचे. पाळकांच्या हे लक्षात आलं. काकू त्यांना स्पष्टच म्हणाली, “मनात नाही ते देवासमोर कसं बोलू? खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.”

मलाही ते पटलं होतं. मलाही त्या माणसाचा राग होता.

मधल्या काळात माझ्या पाठीवर आणखी एक शब्द आला. चर्चचे सचिव होते, निवृत्त मास्तर. सगळं कसं जागच्या जागी लागायचं त्यांना, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं शिस्तकाका. बसची वाट बघणारे लोक माझ्यावर बसायचे, चहा सांडायचे, कागद टाकून जायचे. एकानं तर किल्लीनं बदामही कोरला. शिस्तकाकांचं डोकं फिरलं. त्यांनी पेंटर बोलावला आणि ‘मंडळीसाठी’च्या पुढे पांढऱ्या रंगात लिहून घेतलं : ‘राखीव’.

झालं! आता मी कोरा करकरीत स्वच्छ राहायला लागलो. आठवडाभर एक माणूस फिरकेना. थांब्यावर बायका पोरं कडेवर घेऊन उन्हात उभ्या, आणि मी सावलीत रिकामा. मित्रांनो, रिकामा बाक किती लांब दिसतो, तुम्हाला कल्पना नाही.

मग एका रविवारी एक माणूस बसमधून उतरला. खांदे पडलेले, शर्ट धुतलेला पण चुरगळलेला. उपासना संपून लोक गेले होते. त्यानं माझ्या पाठीवरची अक्षरं वाचली आणि डाव्या टोकाला अगदी अलगद बसला. मी कुरकुरलोसुद्धा नाही. शिस्तकाका कुलूप घेऊन बाहेर आले.

“अहो, लिहिलेलं वाचता येत नाही का? मंडळीसाठी राखीव आहे हे.”

“वाचूनच बसलो,” तो गोंधळून म्हणाला. “मंडळीसाठी म्हणजे माणसांसाठीच ना?”

“मंडळी म्हणजे चर्चची मंडळी! सभासद!”

“असं होय. चुकलं माझं.” तो लगेच उठला. जरा पुढं जाऊन पुन्हा वळला. “इथं एक सुतार होते. त्यांच्या घरची मंडळी कुठं राहतात?”

शिस्तकाकांनी त्याला निरखून पाहिलं आणि त्यांच्या हातातलं कुलूपच खाली पडलं. मीही तेव्हाच ओळखला त्याला. तोच तो ड्रायव्हर, शिक्षा भोगून आलेला. मला माझ्या फळीवरची त्याची ऊब खरवडून काढावीशी वाटली.

पुढच्या रविवारी तो थांब्याच्या खांबापाशी उभा होता. बस आल्या, गेल्या, तो चढला नाही. काकूनं त्याला बघितलं. माझ्या हातावरची तिची मूठ अशी आवळली गेली की सुताराचा खिळा सैल होईल की काय असं मला वाटलं.

उपासनेनंतर व्हरांड्यातच बोलणी झाली. शिस्तकाका म्हणाले, “काकूंच्या जिवाचा विचार करा. त्या आहेत तोवर हा माणूस या दारात नको.” ते काही दुष्टपणानं म्हणत नव्हते हो, काकूच्या काळजीनंच म्हणत होते. पाळक काकूकडे वळले. “तुम्ही म्हणाल तसं करू.”

“मला विचारू नका. मला विचारलंत तर मी नाहीच म्हणणार.” काकूनं थांब्याच्या खांबाकडे नजर टाकली. “पाळकसाहेब, आपण इथे मुलांना जे शिकवतो, ते खरं आहे ना?”

“खरं आहे, काकू.”

“त्याच्यासाठीसुद्धा?”

पाळकांचा आवाज बारीक झाला. “त्याच्यासाठी खरं नसेल, तर मग ते माझ्यासाठीही खरं नाही.”

काकू माझ्या हाताला धरून उठली आणि घरी गेली.

त्याच्या पुढचा रविवार. ऊन मी म्हणत होतं. तो पुन्हा खांबापाशी उभा, घामानं निथळत. आत उपदेश चालला होता. काकूचं लक्ष काही उपदेशात नव्हतं. शेवटी ती उठली, पायरीपर्यंत गेली आणि हाक मारली, “ए, उन्हात काय उभा राहिलास? ये इकडे.”

तो तिथूनच म्हणाला, “तिथं राखीव लिहिलंय.”

“त्याच्या आधी काय लिहिलंय? ये म्हणते ना.”

तो आला आणि डाव्या टोकाला, अर्धा माझ्यावर अर्धा हवेत, असा बसला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, आणि मधे मी. मित्रांनो, खरं सांगतो, एक पाय मोडून त्याला खाली पाडावं असं माझ्या मनात आलं. पण बाकाला पाठ काढून घेता येत नाही. ज्यानं मला घडवलं त्यानं मला बसेल त्या मंडळीसाठी घडवलं होतं, आणि आता नेमकी हीच मंडळी बसली होती. मी दोघांचं ओझं उचलून धरलं.

“मी... मी तोच,” तो म्हणाला.

“माहीत आहे. कोर्टात तुझा चेहरा पाठ झालाय मला.”

“तुमच्या घरापर्यंत यायची हिंमत होत नाही. मी काय करू तुमच्यासाठी? घरचं काम, सामानसुमान, काहीही सांगा. जन्मभर करीन.”

“काही करून ते फिटणार आहे का?” काकूचा आवाज चढला. आणि मग एकदम खाली आला. “फिटत नाही म्हणून तर क्षमा म्हणतात ना त्याला. फिटलं असतं तर तो नुसता हिशेब झाला असता.”

तेवढ्यात आत प्रभूची प्रार्थना सुरू झाली. काकू मान खाली घालून म्हणायला लागली. ती ओळ जवळ आली. काकूचे ओठ मिटले. माझा हात तिनं दोन्ही हातांनी धरला. आतले लोक पुढं निघून गेले, प्रार्थना संपलीसुद्धा. आणि मग सगळं शांत झाल्यावर काकूनं ती सुटलेली ओळ एकटीनंच म्हटली, अडखळत, रडत, पण पूर्ण म्हटली.

मग त्याच्याकडे बघून म्हणाली, “मी तुला क्षमा करते. आज केलीय. उद्या सकाळी उठल्यावर पुन्हा करावी लागेल, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. पण करीन.”

तो ओंजळीत तोंड लपवून रडला. त्याच्या हुंदक्यांनी माझी डावी बाजू इतकी कुरकुरली की आतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

त्यानंतर काकू एकदा सुताराच्या पेटीतला पॉलिश पेपर घेऊन आली आणि तो त्या माणसाच्या हातात ठेवला. “हे ‘राखीव’ घासून काढ. फेड म्हणून नाही हं, आधीच सांगून ठेवते. माझा गुडघा दुखतो म्हणून.” तो वाकून घासायला लागला. शिस्तकाका आले, चष्मा वरखाली करत जरा वेळ बघत राहिले. मग बाही सारून म्हणाले, “अर्धा कागद मला द्या. लिहून मीच घेतलं होतं.” रंग वरवरचाच होता, निघाला. कोरलेलं तेवढं राहिलं.

आता माझ्यावर पुन्हा चहा सांडतो. पोरं पाय आपटतात. म्हाताऱ्या बायका पिशव्या ठेवतात, आणि शिस्तकाका फडकं घेऊन कुरकुरत पुसतात. थांब्यावरची माणसं एकमेकांना सांगतात, तिथं बसा, तिथं कुणी उठवत नाही. त्यांतली काही दारातून आतही डोकावतात, आणि आत काय सांगतात ते ऐकायला थांबतात. गंमत म्हणजे थांब्याचं नावच बदललंय. लोक बसमध्ये “एक मंडळी द्या” म्हणून तिकीट मागतात, आणि बस थांबली की कंडक्टर ओरडतो, “चला मंडळी, मंडळी आली!”

मित्रांनो, माझ्यासारखा जुना बाक कुठं दिसला तर त्याच्यावर नावं कोरू नका, नाचू नका, खिळा सैल दिसला तर कुणा मोठ्याला सांगा. एवढं केलंत तरी आम्ही खूप वर्षं टिकतो. पण खरी काळजी कशी घ्यायची ते मी काकूकडून शिकलो.

परवाच्या रविवारी तो ड्रायव्हर सवयीनं माझ्या टोकाला अर्धा हवेत बसला होता. बसमधून एक बाई दोन पोरांना घेऊन उतरली आणि जागा शोधत घुटमळली. काकूनं आपल्या बाजूची जागा थोपटली आणि त्याला म्हणाली, “असा परक्यासारखा काय बसलास? सरक माझ्याकडे. मंडळी आलीय.”

तो सरकला.