हरसूलचे एकसष्ट तास

मित्रांनो, मी जमीन मोजणारी एक जुनी दुर्बीण आहे. मला एक डोळा आहे, तीन पाय आहेत आणि माझं घर म्हणजे एक पिवळी पेटी. कागदोपत्री माझं नाव ‘टोटल स्टेशन’ असं भारदस्त आहे. पण नाशिक जिल्ह्यात मी जिथे जिथे उभी राहिले, तिथे लोकांनी मला दुर्बीणच म्हटलं. समोर कुणीतरी काठीला लावलेला आरसा धरतो, त्यावर मी किरण सोडते. तो परत आला की अंतर, कोन आणि उंची मला कळते. तारीख आणि वेळ टाकून ते सगळं मी पोटात साठवून ठेवते.

चौदा वर्षांपूर्वी विश्वेश सरांनी कर्ज काढून मला घेतलं. शरणपूर रोडवर दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस होतं. रस्ते, पाइपलाइन, बांधकामं यांसाठी जमीन मोजायची आणि नकाशे करून द्यायचे, हे तिथलं काम. मी आले त्या दिवशी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि सर सगळ्यांना म्हणाले, “हिला पोरीसारखं सांभाळा.”

सांभाळलं ते चंदरने. हरसूलपलीकडच्या एका पाड्यावरून तो शहरात आला होता. आधी तो नुसती आरशाची काठी धरायचा. दोनच वर्षांत तो माझ्यामागे उभा राहून मोजणी करू लागला. सटाण्याला कांद्याच्या चाळी मोजल्या, एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकाठी तोंडाला फडकी बांधून काम केलं. संध्याकाळी चंदर आधी माझा डोळा मऊ कापडाने पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा. ते दिवस फार चांगले होते.

मग ऑफिसात एक तक्ता आला.

झालं असं, की कामं भरपूर होती, पण वर्षाअखेरीस हाती काही उरत नव्हतं. सरांनी अपूर्वा नावाच्या इंजिनियर मॅडमना नोकरीवर घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, “सर, आपलं कुठलं काम आपल्याला पोसतं आणि कुठलं खातं, हे तुम्हाला माहीतच नाही.” त्यांनी प्रत्येक माणसाच्या तासाला दोन दर लावले. पहिला खर्चाचा दर. त्या माणसाचा पगार, सुट्ट्या, विमा, जागेचं भाडं, वीज, सगळ्याचा वाटा धरून त्याचा एक तास ऑफिसला केवढ्याला पडतो, तो हा दर. दुसरा बिलाचा, म्हणजे तोच तास गिऱ्हाइकाला केवढ्याला लावायचा. मधला फरक ही कमाई. आणि रोज प्रत्येकाने लिहायचं, कुठल्या कामाला किती तास दिले.

माझेही दर ठरले. खर्च नव्वद, बिल दोनशे. चंदरचे होते दोनशे दहा आणि साडेचारशे. तक्ता भिंतीवर लागला तेव्हा तो बराच वेळ समोर उभा राहिला.

“मॅडम, माझ्या तासाचे साडेचारशे घेता?”

“हो, चंदरभाऊ.”

“आन् मी पडतो दोनशे दहाला. हातात तर दीडशेच येतात.”

अपूर्वा मॅडमनी त्याला शांतपणे समजावलं. ही खुर्ची, हा पंखा, जीपचा विमा, काम नसलेले दिवस, हे सगळं त्या आकड्यात आहे. चंदर “बरं” म्हणाला. पण ते ‘बरं’ मला बरं वाटलं नाही.

तिथून पुढे ऑफिसची हवाच बदलली. जो तो दुसऱ्याचा दर पाहून मनात हिशोब करी. कोण चहाला किती वेळ गेला, याकडे सरांचं लक्ष असे. चंदर तास लिहिताना वहीवर हात आडवा धरी. आणि मी? मला तर सगळं साठवून ठेवायची सवयच होती. मीही प्रत्येकाकडे एक डोळा बारीक करून पाहू लागले.

त्याच हिवाळ्यात हरसूलचं काम आलं. चार पाड्यांना नळाचं पाणी द्यायचं होतं. झऱ्यापासून टाकीपर्यंतची मोजणी आमच्याकडे होती. पैसे एकदाच ठरले होते, दीडशे तासांच्या अंदाजाने. म्हणजे दीडशेच्या वर जाणारा प्रत्येक तास आमच्याच खिशातून.

काम सुरू झालं आणि मला चंदरचं वागणं खटकू लागलं. कुसाबाई नावाच्या एका आजींच्या घरात तो माझी पेटी ठेवी, कुलूप लावी आणि निघून जाई. दिवसच्या दिवस मी अंधारात. कोंबड्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. त्याचं स्वतःचं घर दरीपलीकडेच होतं. मला वाटलं, हा ऑफिसच्या वेळात घरी जाऊन झोपतोय. संध्याकाळी तो परत येई आणि वहीत लिही, ‘हरसूल, आठ तास.’

फेब्रुवारीत तर कहर झाला. हरसूलला जायचं म्हणून आम्ही निघालो आणि चंदरने जीप वळवली थेट गंगापूर धरणाच्या दिशेला. पाण्याकाठी एक मोठा बंगल्याचा प्लॉट होता. सपाट, चहूबाजूंनी भिंत, मध्ये पोहण्याचा तलाव. वॉचमनशिवाय तिथे कुणी नव्हतं; आरशाची काठीही त्या वॉचमननेच धरली. तीन दिवस त्याने मला तिथे उभं केलं. मध्येच त्याचा फोन वाजला. तो हलक्या आवाजात म्हणाला, “हो, आटपतो. नाय, कुणाला नाय सांगत.” आणि त्या तीन दिवसांचे सत्तावीस तास त्याने हरसूलच्या नावावर लिहिले. मी माझ्या डोळ्याने पाहिलं.

मित्रांनो, इतकी वर्षं ज्याने माझा डोळा पुसला, त्याच्याबद्दल माझी खात्री झाली, की हा चोरून बाहेरची कामं धरतो.

मार्च संपला. अपूर्वा मॅडमनी दर आणि तास जुळवून प्रत्येक कामाचा ताळा काढला. हरसूल लाल अक्षरांत होतं. दीडशेऐवजी दोनशे अकरा तास. एकसष्ट तास जास्त.

सरांनी कागद दोनदा वाचला. “पाणी कुठंतरी मुरतंय,” ते म्हणाले. “चंदर त्याच भागातला ना? बोलवा त्याला.”

चंदर आला. त्याच्या हातात माझी पेटी होती; झाकण उघडंच होतं.

“चंदर, एकसष्ट तास. कुठे गेले?” सरांनी विचारलं.

चंदर सरांकडे पाहत राहिला. आधी त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. मग हळूहळू त्याचं तोंड कडक झालं.

“तुम्ही मला इचारता, साहेब?”

“मग कोणाला विचारू? वहीत सही तुझी आहे. गावी जाऊन बसलास का? की बाहेरची कामं घेतोस?”

अपूर्वा मॅडम मध्ये पडल्या. “चंदरभाऊ, काही कारण असेल तर सांगा ना.”

 चंदरने पेटी टेबलावर ठेवली, खिशातून जीपची आणि पेटीची किल्ली काढली आणि पेटीशेजारी ठेवली.

“हिच्या पोटात काय हाय ते काढा,” तो म्हणाला. “ही खोटं बोलायची नाय.” आणि जिना उतरून गेला.

मी घाबरले. मला वाटलं, हा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय. माझ्या पोटात तर त्या बंगल्याचा कोपरा न् कोपरा होता!

अपूर्वा मॅडमनी मला तारेने कॉम्प्युटरला जोडलं. पडद्यावर हरसूलचे ठिपके आले. डोंगर, ओहोळ, उतार. मग दुसरी फाइल उघडली. तिचं नाव होतं ‘हरसूल दोन’. सरळ भिंती, काटकोन, आणि मधोमध एक लंबगोल.

त्या हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. “सर, पाड्यावर पोहण्याचा तलाव कुणी बांधलाय?”

सर पडद्याजवळ आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हा आमच्या साडूंचा प्लॉट,” ते अगदी हळू म्हणाले. “त्यांना नकाशा हवा होता. नात्यातलं काम, पैसे कसे मागणार? मीच चंदरला सांगितलं, जाऊन ये, घरातलं आहे, कुणाला बोलू नको. तास कुठे लिहू म्हणाला, तर म्हटलं... हरसूलला टाक.”



“म्हणजे चंदरभाऊंना वाटलं असणार, की तुम्ही मुद्दाम त्यांच्यावर ढकलताय,” अपूर्वा मॅडम म्हणाल्या.

“मी विसरलो होतो.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. खरं सांगायचं तर, माझाही अजून पुरता बसलेला नाही.

“सत्तावीस तास सापडले,” सर म्हणाले. “पण चौतीस उरतातच.” म्हणजे संशय अजून गेला नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मला उघड्या पेटीत घेऊन निघाले. त्र्यंबक मागे पडलं, वळणं सुरू झाली. पाड्यावर पोहोचायला सव्वादोन तास लागले. मॅडमनी घड्याळ पाहून ते लिहून घेतलं. “सर, अंदाज केला तेव्हा आपण या रस्त्याचे तास धरलेच नव्हते,” त्या म्हणाल्या. सरांनी मान हलवली.

कुसाबाई दारात नागली पाखडत होत्या. मॅडमनी विचारलं, “आजी, चंदर पेटी इथे ठेवून कुठे जायचा? घरी?”

“घरी?” कुसाबाईंनी सूप खाली ठेवलं. “माझा दीर दत्तू हाय ना, तो शेतात पाय ठेवू देत नव्हता. म्हणं, आज मोजाल, उद्या जमीन न्याल. त्या आरशाची काठी धरणाऱ्या पोरालाबी हाकललं त्यानं. चंदर तीन दिस त्याच्या दारात बसला. खुंट रोवल्यावानी बसला बघ, हालला नाय. मग धा-बारा जणांना घेऊन झऱ्यापासून चालत आला, पाइप कुठून जाईल ते पायानं दावलं. तवा दत्तू ‘हो’ म्हणला.” त्या सरांकडे वळल्या. “तुमी त्याचं साहेब? त्याला रागं भरलं म्हनं तुमी?”

“हो,” सर म्हणाले.

आणि मी! मी त्या तीन दिवसांत पेटीत बसून त्या माणसाला चोर ठरवून मोकळी झाले होते. त्याने दत्तूला समजावलं नसतं, तर माझा एकही किरण त्या शेतातून पलीकडे गेला नसता. पण तासांच्या वहीत ‘मोजणी’ला रकाना होता, ‘नकाशा’ला होता. माणसांशी बोलण्याला नव्हता. म्हणून त्याने साधं ‘हरसूल’ एवढंच लिहिलं होतं.

चंदरचं घर दरीपलीकडे. मॅडमनी मला उघड्या पेटीसकट बरोबर घेतलं. चंदर कुंपणाला काट्या बांधत होता. आम्हाला पाहून त्याने पाणी आणून दिलं, पण बसा म्हणाला नाही.

“चंदर, चूक माझी आहे,” सर म्हणाले. “साडूंचं काम मी विसरूनच गेलो होतो.”

“तुम्ही इसरला, का इसरल्यासारखं केलं, ते मला कसं कळावं साहेब?” चंदर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “मॅडम नसत्या, तर तुम्ही आला असता का हितं?”

 वाऱ्याने कुंपणाची सुटी काटी हलत होती. अपूर्वा मॅडमनी ती धरून ठेवली. चंदरने सवयीने दोरी गुंडाळून गाठ मारली.

“परत येतो,” शेवटी तो म्हणाला. “पन एक. कुणी सांगितलं म्हणून तास लिहिला, तर सांगणाऱ्याची सही त्याच ओळीत पायजे. आन् तुमचेबी तास लिहायचे. दर लावून.”

“माझे?” सर दचकले.

“बरोबर आहे, सर,” अपूर्वा मॅडम म्हणाल्या. “सगळ्यात महाग तास तुमचाच असणार.”

तसंच झालं. नवा तक्ता लागला, त्यात दरांबरोबर रोजचे तासही लिहायचे होते, आणि सगळ्यात वर सरांचं नाव आलं. साडूंचं काम वेगळ्या ओळीत गेलं, पूर्ण खर्चासकट, आणि ती रक्कम सरांच्या नावावर पडली. हरसूल तरीही तोट्यातच राहिलं. कारण आमचा अंदाजच कमी होता, आणि ते मान्य करावं लागलं. पुढच्या पाड्यांच्या कामाला मॅडमनी रस्त्याचे तास धरले आणि ‘गावकऱ्यांशी बोलणं’ असा रकानाही धरला. चंदरच्या तासाचा दर त्या रकान्यात जास्त आहे.

पण मित्रांनो, गेलेलं सगळं परत येत नाही. चंदर आता स्वतःची वेगळी वही ठेवतो. सरांनी काही सांगितलं, की तो आधी पेन पुढे करतो. माझ्यानंतर ऑफिसात उपग्रहावरून मोजणारं नवं यंत्र आलं आहे, त्यामुळे मी बहुतेक वेळ कपाटावर असते आणि तिथून मला तक्ता नीट दिसतो. परवा चंदर तक्त्यापुढे उभा राहून म्हणाला,

“साहेब, सोमवारी दोन ते चार कुठं होता? ओळ रिकामी हाय.”

सगळं ऑफिस टाइप करायचं थांबलं. सर लाल झाले. मग त्यांनी पेन उचललं.

“दाताच्या डॉक्टरकडे,” ते म्हणाले, आणि ‘स्वतःचं काम’ असं लिहून खाली सही केली.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगते. माझ्यासारखी एखादी दुर्बीण तुमच्याकडे असेल, तर तिचा डोळा पुसत जा, तिला उन्हात ठेवू नका, आणि वर्षातून एकदा तिची चूक तपासून घ्या. कारण चूक सगळ्यांतच असते, अगदी माझ्यातही. मी खोटं बोलत नाही, पण मी जिकडे वळवाल तिकडेच पाहते. पेटीत बंद असताना बाहेर कोण कुणाच्या दारात बसून राहिलंय, ते मला दिसत नाही. ते तुम्हाला स्वतः चालत जाऊन विचारावं लागेल.