इंजिन गरम होईपर्यंत

"दीड किलोमीटर. एवढ्यात तर बिचारीला जागसुद्धा येत नाही," मोटारसायकलच्या टाकीवरून हात फिरवत दीर पुटपुटला. पुटपुटला म्हणजे, पायरीवर हेल्मेटचा पट्टा लावत उभ्या असलेल्या वहिनीला नेमकं ऐकू जाईल, एवढ्याच बेताने पुटपुटला.

वहिनीने ऐकलं, आणि गाडी सुरू करून ती निघून गेली.

तो चुकीचं बोलतो म्हणून तिला राग येत नव्हता. तो बरोबर बोलायचा, हीच तर पंचाईत होती. इंजिन नीट तापायला वीसेक मिनिटं लागतात आणि तिचा कामाचा रस्ता चार मिनिटांत संपायचा. न तापलेल्या इंजिनात वाफ धरते, तिचं पाणी होऊन ते तेलात उतरतं, सायलेन्सर आतून गंजतो, सुरू करताना खर्च झालेली बॅटरी पुरती भरतही नाही. दिराने हे इतक्यांदा ऐकवलं होतं की तिला झोपेतून उठवलं असतं तरी तिने घडाघडा म्हणून दाखवलं असतं.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, मेणात एकेक दात बसवत पंचवीस वर्षं गेली होती. गल्लीत तिला कवळीबाई म्हणत, अगदी तोंडावर, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. दिवसभर परक्यांच्या तोंडाची काळजी करायची आणि घरी आल्यावर आपलं तोंड बंद ठेवायचं, हा तिचा शिरस्ता. गेल्या वर्षापासून तो मोडला होता, आणि घरच्यांच्या मते त्याचं खापर मोटारसायकलवर फोडायला हरकत नव्हती.

मोटारसायकल नवऱ्याची. तो विजेच्या मीटरचे आकडे टिपत दारोदार फिरायचा, अठरा वर्षं त्याच एका गाडीवर. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्याची डावी बाजू लुळी पडली. पाय सावरला, जीभ सावरली. डाव्या हाताची मूठ मात्र वळेना, आणि क्लच नेमका डाव्या हाताला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला आणि घरात एक नवीन वाक्य राहायला आलं, मूठ वळली की. मूठ वळली की दादा कामावर जाईल. मूठ वळली की बाबा मला क्लासला सोडतील. कुणी गाडी विकत मागायला आलं तर त्यालाही दारातूनच, मूठ वळली की लागेल ना. एक वर्षभर गाडी घराच्या खिडकीखाली कव्हर पांघरून उभी राहिली.

मग एक दिवस कवळीबाईने कव्हर काढलं. शाळेच्या रिकाम्या मैदानात, लेकीला मागे पळवत, सत्तेचाळिसाव्या वर्षी ती शिकली. तीनदा पडली. तिसऱ्या वेळी तिने आधी गाडी उचलली, मग गुडघा बघितला, तेव्हाच लेकीने ओळखलं की आई आता ऐकत नाही.

दीड किलोमीटर तर चालतही जाता येतं, असं दीर म्हणाला होता. येतं ना, ती म्हणाली होती, पंचवीस वर्षं तेच येत होतं. गाडीवर दोन सिग्नल लागायचे आणि एक उतार. त्या चार मिनिटांत तिला कुणी काही विचारू शकत नसे, कुणी काही सांगू शकत नसे. एवढं सुख तिला उभ्या आयुष्यात चार मिनिटं सलग मिळालं नव्हतं. पण असलं काही ती दिराला सांगायच्या भानगडीत पडली नाही.

त्या रविवारी दिराने इंजिन ऑइलचं झाकण उघडलं आणि ते बशीत घालून बाहेरच्या खोलीत आणलं, पाहुण्यांपुढे ठेवावं तसं. झाकणाला आतून पिवळट, फेसाळ, कॉफीवरच्या सायीसारखा राप धरला होता. लेकीने नाक मुरडलं. दिराने घसा साफ केला. हे तेलात मिसळलेलं पाणी, तो म्हणाला, आणि हे वहिनींच्या दीड किलोमीटरने झालेलं आहे. आता गाडी धुऊन-पुसून, तेल बदलून झाकून ठेवायची. दादासाठी.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत चेंडू दाबत होता, म्हणजे बोटं त्यावर ठेवून बसला होता. तो होही म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बशीतल्या त्या घाणीपेक्षा तिला हे जास्त लागलं.

"कव्हर घालायचं नाही," ती म्हणाली. "गॅरेजवाल्याला घरी बोलवा. त्याला माझ्या तोंडावर सांगू दे काय सांगायचं ते."

गॅरेजवाला सोमवारी संध्याकाळी आला. नवरा खिडकीत, बाकी सगळे अंगणात. त्याने उकिडवं बसून झाकण बघितलं, तेलाची काडी बघितली, बोटावर घेऊन चोळलं. मग विचारलं, गाडी दिवसातून कितीदा सुरू होते. कवळीबाईने सांगितलं, दोनदा, जाताना आणि येताना. गॅरेजवाल्याने मान हलवली. गाडी थोडंच अंतर चालली की त्रास होतोच, तो म्हणाला, पण एका वर्षात एवढा राप दोनदाचा नाही. गाडी उभ्या उभ्या सुरू करून कुणी बंद करतं का? त्याने सगळ्यात वाईट होतं.

लेकीने आधी कबूल केलं. क्लासहून आली की ती पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायची. मूठ वळेल तेव्हा बाबांना गाडी चालू मिळायला हवी, म्हणून. मग दिराने दुसरीकडे बघत सांगितलं, सकाळी फिरायला निघताना तोही. दहा मिनिटं. वहिनीच्या चार मिनिटांवर वर्षभर भाषण देणारा माणूस रोज सहा वाजता स्वतःच हा उद्योग करत होता. कवळीबाईला हसू फुटणार होतं, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"रविवारी दुपारी मीही करतो," नवरा म्हणाला. "घरात कुणी नसलं की. स्टार्टर उजव्या हाताला आहे ना."

तिचं हसू तिथल्या तिथे जिरलं. भर दुपारी पायऱ्या उतरून एकटाच गाडीशेजारी उभा राहिलेला तो तिच्या डोळ्यांपुढे आला.

गॅरेजवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. हात पुसत तो म्हणाला, तेल मी बदलतो, पण ही उभ्या उभ्या चालू करून ठेवायची खोड सोडा. आणि गाडी चालवतं कोण? दादाची आहे, दीर खिडकीकडे बोट करत म्हणाला. कुणाची ते नाही विचारलं, गॅरेजवाला म्हणाला, चालवतं कोण?

"मी," कवळीबाई म्हणाली.

मग आठवड्यातून एकदा लांब न्या, तो म्हणाला, अर्धा-पाऊण तास, इंजिन चांगलं तापू द्या, आतलं पाणी उडून जाईल. बाकीचे दिवस खुशाल कामावर न्या.

"रविवारी नेईन," ती म्हणाली. "दर रविवारी. आणि उद्या कामावरही नेणार. भाऊजी, यापुढे हिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

दिराचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. भावाची एकच वस्तू जपायला मिळाली होती, तीही हातची चालली होती.

"लावत नाही," तो म्हणाला. "पण वहिनी, दादाची मूठ वळली की मग?"

तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं. दोन वर्षं ते तिथेच होतं. लेक चपलेच्या टोकाने माती उकरायला लागली. गॅरेजवाला उगाचच आपले पाने-पकडी गोळा करू लागला.

"नाही वळायची ती," नवरा म्हणाला. त्याने डावा हात खिडकीच्या कठड्यावर आणून ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "मी आता गाडी चालवणार नाही. कधीच नाही. मला मागच्या वर्षीच कळलं होतं रे. तुम्हाला सोसायचं नाही म्हणून बोललो नाही."